बंदरावरचे दहा तास आणि डिस्नेचे अडीच: कोथरूडच्या एका कुटुंबाचं प्रकरण

"ताई, जहाज तिथे दहा तास थांबणार आहे. दहा तासांत डिस्नेलँड होत नाही का?"

फेब्रुवारीच्या अखेरीस आलेला हा फोन. बोलणारी कोथरूडची एक आई. घरात ती, तिचा नवरा, सासूबाई, सहा वर्षांची थोरली आणि अडीच वर्षांचा धाकटा. दीर न्यू जर्सीत. मे महिन्यात तीन आठवडे त्यांच्याकडे जायचं, त्यातच तिथल्याच बेयोनच्या केप लिबर्टी बंदरातून सुटणारी सात रात्रींची क्रूझ करायची, असं ठरलेलं. तिकिटं काढून झाली होती. जहाज आधी फ्लोरिडात पोर्ट कॅनाव्हेरलला एक दिवस थांबून मग बहामाजकडे जाणार होतं. वेळापत्रकातली ती एक ओळ घरात सगळ्यांनी वाचली आणि सगळ्यांच्या मनात एकच चित्र उभं राहिलं: किल्ला, मिकी, आणि फ्रॉक घालून उभी असलेली थोरली.

लहान मुलांना घेऊन प्रवास करणाऱ्या कुटुंबांचं नियोजन मी गेली काही वर्षं घरूनच करते. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने, नावं वगळून, सविस्तर लिहिते आहे. कारण "जहाज थांबतंय तर थीम पार्क करून येऊ" हा विचार मला दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतो, आणि त्यातला हिशेब बहुतेकदा जहाजाच्या घड्याळावर मांडलेला असतो. मुलाच्या घड्याळावर तो कुणी मांडत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करावी लागली. डिस्नेलँड कॅलिफोर्नियातलं, १९५५ चं. फ्लोरिडात, ओरलँडो शहराजवळ, आहे ते वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. तिथलं पहिलं पार्क, म्हणजे किल्लेवालं मॅजिक किंगडम, १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. आज तिथे चार वेगवेगळी थीम पार्क्स आहेत आणि सगळा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे "डिस्नेला जाऊ" हे वाक्य तिथे पुरत नाही. कुठल्या दाराशी जायचं ते ठरवावं लागतं. मुलीला किल्ला हवा होता, म्हणजे मॅजिक किंगडम.

कागदावरचा दिवस

जहाज सकाळी ८ ला धक्क्याला लागणार, संध्याकाळी ६ ला सुटणार. प्रवाशांनी ५ पर्यंत परत हजर व्हायचं. दहा तासांतला एक तास इथेच गेला.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर थोरलीची चित्रकलेची वही होती. तिच्याच मागच्या पानावर आम्ही दिवस उलटा मांडला, शेवटाकडून सुरुवातीकडे. पाचला हजर व्हायचं तर मी चारला बंदरावर असण्याचा आग्रह धरते. पूर्ण एक तास राखीव. रस्त्यावर अपघात होऊन वाहतूक तुंबली, टायर बसला, पोराला उलटी झाली, तर तो तास लागतो. चारला बंदरावर पोचायचं तर पावणेतीनला पार्किंगमधून गाडी निघायला हवी, कारण अंतर शंभरेक किलोमीटर आहे आणि बीचलाइन एक्सप्रेसवेने सव्वा तास धरावा लागतो.

आता मॅजिक किंगडमची खरी गोम. गाडी लावता ती जागा पार्कच्या दाराशी नाही. गाडी लावायची, तिथून मुख्य वाहतूक केंद्रापर्यंत जायचं, सुरक्षा तपासणी करायची आणि मग तलाव ओलांडायला मोनोरेल किंवा फेरीबोट घ्यायची. ज्याच्याकडे दिवसभराचा वेळ आहे त्याला यात मजा आहे, मोनोरेल हीच मुलांची पहिली राइड होते. पण बाबागाडी, आजी आणि दोन लेकरं घेऊन मी या टप्प्याला जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास धरते. म्हणजे पार्कचं दार दुपारी दोनला सोडायचं.

सकाळची बाजू अशी. जहाज आठला लागलं तरी अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कुणी खाली उतरत नाही. नाश्ता, शी-शू, टोप्या, उतरण्याची रांग धरून नऊ वाजता रस्त्यावर. गाडी, कार सीट बसवणं, नऊ वीस. सव्वा तास प्रवास, दहा पस्तीस. पाऊण तासाने, म्हणजे अकरा वीस-पंचवीसला, आत.

अकरा पंचवीस ते दोन. दोन तास पस्तीस मिनिटं.

बाबांनी वही स्वतःकडे ओढून परत एकदा बेरीज केली. आकडा तोच आला. मी आईला विचारलं, "धाकटा दुपारी झोपतो कधी?" ती म्हणाली, "एकला. एक ते पावणेतीन. झोपला नाही तर संध्याकाळपर्यंत घर डोक्यावर घेतो." म्हणजे दोघंही जागी असण्याचा, एकत्र काही करण्याचा वेळ उरला दीड तास. मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे बदलतं, पण माणशी शंभर डॉलरच्या बरंच वर असतं. ३ ते ९ वयाच्या मुलांचं तिकीट मोठ्यांपेक्षा थोडंसंच स्वस्त. धाकटा तीनच्या आतला, म्हणून फुकट. तरीही चार तिकिटांचे चारशे डॉलर कुठेच जात नव्हते, त्यात गाडी वेगळी.

पैशाचं मी त्यांना फार सांगितलं नाही. आयुष्यात एकदा होणाऱ्या गोष्टीवर कुणी किती खर्च करावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला काळजी होती ती त्या अडीच तासांच्या पोताची. सतत मनगटाकडे बघणारे आईबाप, "चल, चल, उशीर होतोय" हे वाक्य, आणि मुलीला आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला किल्ला ती पाठमोरी होऊन सोडते आहे.

बाबांचा प्रस्ताव

बाबा हुशार माणूस. दोन दिवसांनी त्यांचा फोन: "आपण कॅनाव्हेरलला उतरूनच राहू. जहाज जाऊ दे पुढे. दोन दिवस ओरलँडोत काढू आणि विमानाने भावाकडे परत."

ऐकायला सोपं, पण होत नाही. अमेरिकेत १८८६ पासून एक कायदा आहे: परदेशी ध्वजाच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी उचलून दुसऱ्या अमेरिकी बंदरात कायमचा उतरवायचा नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी ध्वजाचीच असतात. न्यू जर्सीत चढलेल्या प्रवाशाने फ्लोरिडात "आम्ही इथेच थांबतो" म्हटलं तर जहाज कंपनीला दंड बसतो आणि तो प्रवाशाकडून वसूल होऊ शकतो. जहाज चुकलं तरी प्रश्न तोच, वर पुढचं बंदर दुसऱ्या देशात. पासपोर्ट, व्हिसा, पाच जणांची ऐनवेळची विमानाची तिकिटं. हे ऐकल्यावर राखीव तासाबद्दल घरात पुन्हा वाद झाला नाही.

जहाजाच्या स्वतःच्या सहलीने जायचं का, हाही पर्याय आम्ही पाहिला. तिचा फायदा मोठा आहे: त्यांची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या खाजगी गाडीसाठी थांबत नाही. पण बस सगळे जमल्यावर सुटते आणि परतीची वेळही तीच ठरवते. आतला वेळ त्याने वाढला नसता.

रंगीत तालीम

एवढं होऊनही आईचं मन मानत नव्हतं, आणि ते मला कळत होतं. वहीवरच्या आकड्यांनी कुणाचं स्वप्न बदलत नाही. तेव्हा मी सुचवलं की एका शनिवारी खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जा. कोथरूडहून दीड तासाच्या आत-बाहेर, म्हणजे कॅनाव्हेरल ते ओरलँडो एवढाच रस्ता समजा. नियम एकच: घड्याळ त्या दिवसाचं पाळायचं. अकरा पंचवीसच्या आधी आत जायचं नाही, दोनच्या पुढे थांबायचं नाही. आणि आईने फोनमध्ये वेळा टिपायच्या.

मार्चमधल्या एका शनिवारी ते गेले. आईने संध्याकाळी पाठवलेली नोंद माझ्याकडे अजून आहे, ती तिच्याच शब्दांत देते:

"११.२५ आत. ११.३० थोरलीला शू. ११.४० टोपी हरवली, सापडली. ११.५० उडत्या हत्तींची रांग. १२.१५ बसलो. १२.१८ उतरलो, धाकटा परत म्हणून रडला. १२.३० गोल घोडे. १२.४५ जेवण, आईंचे पाय दुखतायत. १.१० धाकटा खांद्यावर झोपला. १.१५ थोरलीला परत घोडे. १.४० ह्यांना मोठी राइड करायची होती, रांग बघून सोडली. १.५५ बाहेर. प्रत्यक्ष राइडवर बसलेला वेळ: नऊ मिनिटं."

त्यातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "थोरलीला परत घोडे." नव्या राइडकडे जाण्यापेक्षा त्या मुलीला आवडलेलीच गोष्ट पुन्हा करायची होती. सहा वर्षांचं मूल असंच असतं. ते जागा हिंडत नाही, एका जागेत शिरतं. त्याला अर्धा दिवस एकाच घोड्यावर बसायची मुभा हवी, आणि ती मुभाच घाईच्या थांब्यात नसते.

तालमीत उंचीही मोजून घेतली. थोरली ११४ सेंटिमीटर, धाकटा ८८. मॅजिक किंगडमची स्पेस माउंटन ही अंधारातली राइड ४४ इंचांची, म्हणजे ११२ सेंटिमीटरची अट लावते. थोरली जेमतेम बसली असती, पण तिला अंधाराची भीती वाटते. सात बुटक्यांच्या खाणगाडीला ३८ इंच लागतात, तिथे धाकटा बाद. एक मूल बसू शकत नसेल तेव्हा आईबापांनी आळीपाळीने, दुसऱ्यांदा रांग न लावता बसायची सोय तिथे आहे आणि ती चांगली आहे, पण त्यातही एक पालक बाहेर उभा राहतोच. उंचीची अट नसलेल्या राइड्स तिथे भरपूर आहेत. ज्यांच्याकडे दिवस आहे त्यांच्यासाठी अडीच वर्षांच्या मुलालाही ते पार्क उत्तम आहे, हे मी मनापासून सांगते. मला तक्रार पार्कबद्दल नाही, थांब्याबद्दल आहे.

मग कुठे

सी वर्ल्ड ओरलँडो या समुद्री प्राण्यांच्या पार्कचा विचार झाला. ते बंदराकडून येताना त्याच बीचलाइन रस्त्यावर आधी लागतं, गाडी दाराशी लागते, आणि २०१९ पासून तिथे छोट्यांसाठी सेसमी स्ट्रीट या मुलांच्या टीव्ही मालिकेचा वेगळा भाग आहे. वेळेच्या हिशेबात ते मॅजिक किंगडमपेक्षा तासभर तरी जास्त देतं. पण कोंडलेले ऑर्का व्हेल मुलांना दाखवायचे नाहीत, असं आईने स्वच्छ सांगितलं. विषय संपला.

माझा कल पहिल्यापासून नासाच्या केनेडी स्पेस सेंटरच्या प्रेक्षक संकुलाकडे होता. बंदरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. पार्किंगमधून चालत दार. नऊ वीसला निघालं तर दहाला आत, आणि परत चारला बंदरावर यायचं तर तीन वीसला निघायचं. पाच तासांच्या वर. त्यात धाकट्याची पूर्ण झोप बसत होती, जेवण बसत होतं, आणि "परत घोडे" म्हणण्याची मुभाही बसत होती. अटलांटिस हे खरंखुरं स्पेस शटल तिथे २०१३ पासून मांडलेलं आहे. तेहेतीस मोहिमा करून आलेलं. बाहेर रॉकेटांची बाग आहे, आत प्लॅनेट प्ले नावाची लहान मुलांची घसरगुंड्या-चढण्याची बंदिस्त, थंडगार जागा आहे.

पण किल्ला नाही. आणि हे थोरलीला कुणी सांगायचं?

बाबांचं मत होतं की सांगूच नये. "तिला कुठे माहीत आहे डिस्ने किती लांब आहे ते." इथे मी आईच्या बाजूने उभी राहिले. सहा वर्षांचं मूल वाचतं. जहाजावर बाकीची मुलं बोलणार, कुणाच्या तरी डोक्यावर मिकीचे कान असणार. ऐन दिवशी तिला कळलं असतं तर तो फसवला गेल्याचा दिवस झाला असता, मग तिथे चंद्र उतरवून दाखवला तरी उपयोग नव्हता.

आईने एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिला सांगितलं. घड्याळ घेऊन बसली आणि काटे फिरवून दाखवलं: इथे जहाज थांबतं, इथपर्यंत गाडीत, इथपर्यंत आगगाडीत, एवढंच आत, आणि परत. थोरली रडली. बराच वेळ रडली. मग तिने विचारलं, "दुसरीकडे राजकन्या असतात?"

आजी पलीकडे गवार मोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राजकन्या नसतात. पण तिथून कल्पना चावला आकाशात गेली होती."

"ती कोण?"

आजी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी गवार बाजूला ठेवली. पुढचे दोन महिने रात्रीची गोष्ट तीच होती. कर्नालची मुलगी, १९९७ ची पहिली मोहीम, मग १६ जानेवारी २००३ चं उड्डाण. शेवट आजींनी लपवला नाही, पण मुलीने विचारलं तेव्हाच सांगितला. माझ्या नियोजनात हे कुठेच नव्हतं, आणि या प्रकरणातला सगळ्यात मोठा वाटा त्याचाच आहे असं मला वाटतं. मुलांना जागा आवडायला आधी त्या जागेतलं एक माणूस ओळखीचं असावं लागतं. मिकी हे तरी दुसरं काय आहे?

कार सीट

याला वेगळा मथळा देते, कारण पुण्याहून जाणारी कुटुंबं इथे हमखास अडकतात. आपल्याकडे धाकटं पोर आईच्या मांडीवर बसतं. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला कायद्याने बांधून बसवावं लागतं, तीन वर्षांपर्यंत स्वतंत्र कार सीट, चार-पाच वर्षांना सीट किंवा बूस्टर. अ‍ॅपवरून बोलावलेल्या गाडीत ती सीट असेलच असं नाही, आणि नसेल तर चालक नेत नाही, तेच बरोबर आहे. म्हणून आम्ही जाता-येता एकच व्हॅन आधी ठरवली, धाकट्याची सीट आणि थोरलीचा बूस्टर दिरांच्या घरून जहाजावर नेला. थोरली सहाची, तिला फ्लोरिडाचा कायदा लागत नाही, पण सीटबेल्ट मानेला घासतो ना, मग बूस्टर हवाच.

मी त्यांना सांगितलं होतं की सीट लावायचा सराव न्यू जर्सीत करा. दीर-जाऊ लावून देत राहिले, तो राहिला. कॅनाव्हेरलच्या धक्क्याबाहेर उन्हात बाबा पट्टा कुठून घालायचा ते शोधत वाकले होते, मागे व्हॅनचा चालक शांतपणे उभा. बारा मिनिटं गेली. शेवटी आजींनी दाखवलं, त्यांनी न्यू जर्सीत दुसऱ्या सुनेला ती लावताना नीट पाहिलं होतं.

प्रत्यक्ष दिवस

मे महिन्याचा तिसरा आठवडा. अमेरिकी शाळांच्या सुट्ट्या लागायच्या आधीचा, ही गोष्ट सोयीची होती. जहाज वेळेवर लागलं, पण उतरायची परवानगी चाळीस मिनिटं उशिरा मिळाली. कारण कुणी सांगितलं नाही. सीटची बारा मिनिटं धरून ते निघाले दहा वाजून पाच मिनिटांनी. डिस्नेचा बेत असता तर अडीच तासांतून पाऊण तास इथेच गेला होता. केनेडीच्या बेतात पाचाचे साडेचार झाले, एवढंच.

पुलावरून गाडी बीचलाइनला लागली आणि थोरलीने हिरवी पाटी वाचली: ओरलँडो. अक्षरं जुळवून जुळवून, मोठ्याने. गाडीत कुणी बोललं नाही. मग तीच म्हणाली, "हा तो रस्ता ना?" आई म्हणाली, "हो, हाच." चालकाने उत्तरेकडे वळण घेतलं. ती खिडकीतून मागे बघत राहिली. रडली नाही. आईने मला हे परत आल्यावर सांगितलं तेव्हा तिच्याच डोळ्यांत पाणी होतं. हा भाग मी मुद्दाम लिहिते आहे. निर्णय योग्य असला तरी मुलीचं काहीतरी राहिलं होतं, ते नव्हतंच असं म्हणणं खोटं होईल.

अटलांटिसच्या इमारतीत आधी एक चित्रफीत दाखवतात, अंधार, मोठा आवाज, आणि मग पडदा उचलला जाऊन समोर शटल येतं. धाकटा त्या आवाजाला इतका घाबरला की आजींनी त्याला कडेवर घेऊन बाहेर काढलं. याची कल्पना मी द्यायला हवी होती. थोरली मात्र कठड्याशी गोठून उभी राहिली. शटल ४३.२१ अंशांत तिरकं लावलेलं आहे, मालकक्षाची दारं उघडी, अवकाशात असताना दिसेल तसं. पोटाखालच्या काळ्या फरशा जळून करपलेल्या, पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या. तिने विचारलं, "हे खोटं आहे का खरं?" बाबा म्हणाले, "खरं." "वर जाऊन आलेलं?" "तेहेतीस वेळा." मग तिला घसरगुंडी सापडली, शटल खाली उतरतं त्याच्या नमुन्याची, आणि ती त्यावरून अकरा वेळा गेली. बाबांनी मोजलं.

सव्वाबाराला जेवण, मग प्लॅनेट प्ले. तिथे दोन्ही मुलं एकाच छताखाली, वर आईला बसायला जागा. एकला धाकटा बाबागाडीत झोपला. घड्याळ त्याचं होतं, मोडलं नाही. दीडच्या सुमारास विजा सुरू झाल्या. फ्लोरिडात उन्हाळी दुपारी हे नेहमीचं आहे, थांब्याचा बेत आखताना दुपारचा वेळ छताखालीच ठेवावा.

आणि इथे माझ्याकडून चूक झाली. चांद्रमोहिमांच्या अपोलो केंद्राची बस मी यादीत "नक्की करा" म्हणून लिहिली होती. तिथे आडवं ठेवलेलं सॅटर्न ५ रॉकेट आहे, ११० मीटर लांब, आणि ते पाहताना मोठ्या माणसांची मान सुन्न होते. पण बसची रांग, बसचा प्रवास, तिथली चित्रफीत, परत बस, हे सगळं अडीच वर्षांच्या मुलाच्या झोपेच्या उरलेल्या भागात मावत नाही. धाकटा बसमध्ये उठला, भुकेला, घामेजलेला, आणि रॉकेटखाली पूर्ण वेळ रडला. आईने बाकरवडीचं पाकीट फोडलं तेव्हा थोडा शांत झाला. (जहाजावरून उघडं अन्न आणि फळं खाली नेता येत नाहीत, बंद पाकिटं चालतात. हे मात्र मी आधी सांगितलं होतं.) अशा वयाच्या मुलासोबत पाच तासांच्या थांब्यात ती बस मी आता सुचवत नाही. तो वेळ घसरगुंडीला द्यावा.

आजी बसने गेल्याच नव्हत्या. पाय दुखतात म्हणून मागे थांबल्या. पाऊस ओसरल्यावर त्या एकट्या, प्राण गमावलेल्या अंतराळवीरांच्या स्पेस मिरर स्मारकाकडे चालत गेल्या. काळ्या ग्रॅनाइटची भिंत, १९९१ ची. तिच्यावर नावं कोरलेली नाहीत, आरपार कापलेली आहेत. मागून उजेड येतो आणि नाव उजेडाचं होतं. बाकीचे बसमधून परत आले तेव्हा त्या तिथेच होत्या. थोरली धावत गेली आणि इंग्रजी अक्षरं जुळवत तिने कल्पना चावलाचं नाव वाचलं. पावसानंतरचं आभाळ होतं, अक्षरं फिकट निळी दिसत होती.

आजींनी तिला सांगितलं की ती बातमी शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर आली, १ फेब्रुवारी २००३ ला, आणि सोमवारी वर्गात पोरींना काय सांगायचं हे त्यांना कळेना. "मग काय सांगितलंस?" "सांगितलं की ती जाऊन आलेली होती एकदा. दुसऱ्यांदा येताना राहिली."

तीन पंचवीसला व्हॅन निघाली. चार वाजून पाच मिनिटांनी बंदर. साडेचारला मुलं जहाजाच्या तलावात होती, आणि सहाला जहाज सुटलं तेव्हा धाकट्याने कठड्यावरून सगळ्या फ्लोरिडाला टाटा केला.

आता कुणी विचारलं तर

पाच-सहा वर्षांखालचं एक जरी मूल सोबत असेल आणि थांबा संध्याकाळी पाच-सहाला संपत असेल, तर कॅनाव्हेरलहून मॅजिक किंगडम मी सुचवत नाही. मुलं आठ-नऊची असतील, दुपारी झोपणारं कुणी नसेल आणि जहाज रात्रीपर्यंत थांबणार असेल तर हिशेब वेगळा होतो, तेव्हा जरूर जावं. आणि डिस्ने हेच मुख्य कारण असेल, तर जहाजाचा थांबा त्यासाठी वापरूच नये. पोर्ट कॅनाव्हेरल हे जगातल्या सर्वांत गजबजलेल्या क्रूझ बंदरांपैकी एक आहे, तिथूनच सुटणारी जहाजं पुष्कळ आहेत. त्यातलं एखादं निवडावं, आधी दोन-तीन रात्री ओरलँडोत काढाव्यात, एक पूर्ण दिवस पार्कला द्यावा, एक दिवस नुसतं झोपावं, आणि मग जहाजावर चढावं. या कुटुंबाने मला तिकिटं काढायच्या आधी फोन केला असता तर मी हेच सांगितलं असतं.

माझ्या पहिल्या फोनवरच्या प्रश्नांचा क्रम या प्रकरणानंतर बदलला. पूर्वी मी जहाजाचं वेळापत्रक मागायचे. आता आधी विचारते, धाकटं कितीला झोपतं, थोरल्याची उंची किती, आणि आजी-आजोबा सलग किती चालतात.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं होतं आणि त्याच्या शेजारी, थोरलीच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, वहीचं तेच पान चिकटवलेलं होतं, आमच्या उलट्या हिशेबाचं. त्याच्याखाली बाबांच्या अक्षरात एक नवी ओळ होती: "डिस्ने, पूर्ण दिवस, ती दहाची व्हायच्या आत." पुढे थोरलीने पेन्सिलीने काढलेला किल्ला, आणि किल्ल्याच्या वर तिरकं, दारं उघडी ठेवलेलं एक शटल.